गच्चीतली फुलं आणि साडेचार हजारांचा फ्लॅश : आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, लग्नाबिग्नाचे फोटो काढणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू नाहीये. मी फक्त फुलं काढते, तीसुद्धा घरच्या गच्चीवरची, म्हणजे जास्वंद, मोगरा, तगर, गोकर्ण, दिवाळीनंतर शेवंती, आणि कोपऱ्यात कोणी न लावता उगवलेली सदाफुली. मागच्या जूनमध्ये साडेचार हजारांना एक टीटीएलवाला (म्हणजे लेन्समधून उजेड मोजून किती मारायचा ते आपोआप ठरवणारा) फ्लॅश घेतला, आता फेब्रुवारी आलाय, म्हणजे पावसाळा, दिवाळी, थंडी सगळं ह्याच्यासोबत काढून झालं. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण दुकानदाराशी माझं थोडं वाजलंय (ते पुढे येतंच) आणि तसंही ह्या किमतीतला फ्लॅश चांगला की वाईट हे ब्रँडपेक्षा तुम्ही तो कुठल्या फुलावर आणि कुठून मारता ह्यावर जास्त आहे, हे कळायला मला चार महिने लागले.

फ्लॅश घ्यायचं खरं कारण म्हणजे आमच्या आई, म्हणजे सासूबाई. सकाळी साडेसहाला आंघोळ करून परडी घेऊन त्या गच्चीवर हजर, आणि सातच्या आत सगळी फुलं देवघरात. जानेवारीत पुण्यात सूर्यच सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे फोटोला उजेड येईपर्यंत झाडावर नुसती पानं. "अहो आई, एक तरी जास्वंद ठेवा ना माझ्यासाठी" म्हटलं की "अगं ठेवते की, पण कालची ठेवलेली तू काढलीच नाहीस, संध्याकाळी मिटून गेली, देवाला तरी वाहिली असती". आणि त्यांचं बरोबरच आहे, जास्वंद एका दिवसाचंच फूल. मग मी विचार केला की आपणच सहाला वर जायचं, अंधार असला तर असू दे, फ्लॅश मारू. इथून खर्चाला सुरुवात झाली.

कॅमेरा माझा निकॉनचा डी५६००, आणि त्यावर ४० एमएमची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं काढायची लेन्स. पहिल्या दिवशी फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवला, टीटीएलला ठेवला आणि लाल जास्वंदीवर समोरून सरळ मारला. फोटो बघून मला आधार कार्डावरचा माझा चेहरा आठवला. सपाट. पाकळीवरच्या शिरा नाहीत, घड्या नाहीत, नुसता लाल रंगाचा डबा ओतल्यासारखा गोळा आणि मधून पुंकेसराची दांडी पांढरीफेक. तेव्हा वाटलं फ्लॅश खराब आहे. नंतर कळलं की गडद लाल फुलाचं हे नेहमीचंच आहे. फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल असतात, जास्वंदीत त्यातला लालच एवढा भरून वाहतो की त्याच्यातलं डिटेल जातं, आणि साध्या पांढऱ्या हिस्टोग्रामवर (फोटोत डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड किती ते दाखवणारा आलेख) मात्र सगळं ओके दिसतं. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून बघायचा, लाल उजव्या भिंतीला चिकटला असेल तर फ्लॅशचा उजेड कमी करायचं सेटिंग मायनस एकवर, कधी मायनस दीडवर आणायचा. एवढं केल्यावर त्याच फुलावर शिरा दिसायला लागल्या. फ्लॅश तोच होता, अक्कल थोडी वाढली.

दुसरी गंमत लेन्सची. ४० एमएम मॅक्रोनी फूल अगदी मोठं हवं असेल तर लेन्सचं तोंड फुलापासून जेमतेम तीन-चार सेंटीमीटरवर येतं, आणि डोक्यावरच्या फ्लॅशचा उजेड लेन्सवरच अडतो. फोटोत खाली काळी अर्धी भाकरी दिसते ना, ती लेन्सची सावली. कॅमेऱ्यातल्याच उघडणाऱ्या छोट्या फ्लॅशला तर ही सावली आणखी लवकर पडते कारण तो बुटका, आणि लेन्सच्या तोंडावरचा हूड काढायला विसरलात तर विचारूच नका. थोडं मागे जाऊन काढून नंतर क्रॉप करणे हा उपाय आहे, पण मग मॅक्रो घेतलीच कशाला.

आता दुकानदाराचं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात हाय स्पीड सिंक लिहिलेलं होतं, म्हणजे खूप जलद शटरवरही फ्लॅश चालण्याची सोय. मी विचारलं भर उन्हात चालेल का, म्हणाला मॅडम बिनधास्त. मी काय करत होते तर दुपारी अकराच्या उन्हात फुलामागचं सगळं धूसर व्हावं म्हणून लेन्स एफ/२.८ ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडायची, आणि फ्लॅशनी फक्त सावलीचा भाग उजळायचा. एवढ्या उजेडात फोटो पांढरा पडू नये तर शटर खूप जलद लागतं, आणि फ्लॅश लावला की कॅमेरा शटर १/२०० सेकंदाच्या वर जाईचना. मग घरी येऊन मॅन्युअल वाचलं, डी५६०० ला हाय स्पीड सिंकची सोयच नाही, फ्लॅशमध्ये असून उपयोग नाही, दोघांमध्येही लागते. कॅमेऱ्याचा ह्यात दोष नाही, स्पेक्समध्ये स्वच्छ लिहिलंय आणि मी वाचलं नव्हतं, पण मी कॅमेरा गळ्यात अडकवून दुकानात उभी होते, त्यानी एकदा बघून सांगायला काय झालं होतं? परत द्यायला गेले तर "बॉक्स उघडलाय". बरं, हिशोब असा आहे की कडक उन्हात आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १०० आणि १/२०० ला तुम्हाला एफ/११ च्या आसपास, म्हणजे छिद्र बारीक करावंच लागतं, म्हणजे मागची कपडे वाळत घालायची दोरी, शेजाऱ्यांची डिश, सगळं ओळखू येईल इतकं स्पष्ट. ज्यांना भर उन्हात धूसर बॅकग्राऊंड आणि फ्लॅश दोन्ही पाहिजे त्यांनी आधी स्वतःच्या कॅमेऱ्याचं मॅन्युअल उघडा, फ्लॅशचा बॉक्स नंतर. नाहीतर एनडी फिल्टर लावा, म्हणजे लेन्सला गॉगल, पण मग फ्लॅशचाही उजेड तेवढाच कमी होतो, तो वाढवा, सेल लवकर संपवा, असं ते चक्र आहे.

सोबत एक पांढरा प्लॅस्टिकचा डोम फुकट मिळाला होता, फ्लॅशच्या तोंडावर बसवायची वाटी. गच्चीवर ह्याचा उपयोग शून्य. खोलीत तो उजेड चहूकडे उडवतो, भिंतींवर, छतावर, आणि तिथून परत येऊन मऊ पडतो. उघड्यावर कुठली भिंत आणि कुठलं छत, उजेड आकाशात जातो आणि फुलावर येतो तो तेवढाच टोकदार, वर पॉवर जास्त जळते ते वेगळंच. आमच्या आईंनी त्यात कोथिंबिरीसाठी धने पेरलेत, उगवलेत छान.

उजेड मऊ कधी पडतो तर दिवा फुलाच्या मानानी मोठा असेल तर. एवढं एकच वाक्य मला कोणी जूनमध्ये सांगितलं असतं तर! फ्लॅशचं तोंड साबणाच्या वडीएवढं, पण त्याच्यापुढे वितभर अंतरावर ए४ आकाराचा बटर पेपर धरला की फुलाला तो कागदच दिवा वाटतो, आणि फूल स्वतः तीन इंचाचं, म्हणजे त्याच्या मानानी ती खिडकीच झाली. अप्पा बळवंत चौकातून बटर पेपर आणला, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची चौकट केली, चिकटपट्टी, झालं. आणि फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून केबलनी डाव्या हातात. ही केबल वेगळी घ्यावी लागते, मला आठशेला पडली, आणि मी म्हणेन फ्लॅशमधले अर्धे पैसे ह्या आठशेनीच वसूल करून दिले. वायरलेस ट्रिगर पण मिळतो, पण मी एक हात कॅमेऱ्याला आणि एक हात फ्लॅशला अशी काढते, केबल पुरते. बाजूनी, जरा वरून आणि किंचित मागून उजेड टाकला की पाकळीचा पोत उठतो. समोरून टाकला की पासपोर्ट.

आता ज्याच्यासाठी मी हा फ्लॅश ठेवलाय ते. सकाळचे सहा, आकाश नुकतं राखाडी, आईंना यायला अर्धा तास. आयएसओ १००, १/२००, एफ/११, फ्लॅश मॅन्युअलला (ताकद आपणच ठरवायची), पूर्ण ताकदीच्या १/१६ नाहीतर १/३२ पॉवरवर, फुलापासून फूटभर. फूल लखलखीत आणि मागचं सगळं काळंभोर. ह्यात जादू काही नाही, उजेड अंतराच्या वर्गानी कमी होतो, फूल फ्लॅशपासून एक फुटावर आणि मागची भिंत चार फुटांवर असेल तर भिंतीला सोळावा हिस्सा उजेड मिळतो. आमच्या मागे शेजाऱ्यांची पाण्याची काळी टाकी आहे, तिला मी आधी शिव्या द्यायचे, आता कुंड्या मुद्दाम टाकीसमोर सरकवते. बॉक्सवर गाईड नंबर (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा) ६० वगैरे लिहिलेलं असतं, तो फ्लॅशचा झूम २०० ला नेऊन, म्हणजे झोत अगदी अरुंद करून मोजलेला आकडा, फुलांसाठी त्याचं काही कौतुक नाही, मी पूर्ण पॉवर आठ महिन्यांत बहुतेक दोनदा वापरली.

पण सगळेच फोटो काळ्या बॅकग्राऊंडवर काढले की ते सराफाच्या जाहिरातीसारखे दिसायला लागतात, हेही खरं. माझ्या बहिणीनी अल्बम बघून विचारलं "तुमच्याकडे दिवस उजाडत नाही का गं?" मग शटर १/३० पर्यंत हळू करून, आयएसओ ४०० ला नेऊन आकाशाचा थोडा निळा आत घ्यायला लागले. शटर मागच्या उजेडाचं, पॉवर फुलाच्या उजेडाची, असे दोन वेगळे नळ आहेत असं समजायचं. एक अडचण येते, सकाळच्या त्या निळसर उजेडात हात हलला किंवा वारा आला तर फुलाभोवती भुतासारखी दुसरी कडा येते, कारण फ्लॅशनी एक चित्र गोठवलं आणि उरलेल्या उजेडानी दुसरं हललेलं त्याच्यावर ओतलं. वारा असेल तर परत १/२००.

वाऱ्यावरून आठवलं, फ्लॅशचा खरा फायदा मला उजेडापेक्षा इथेच जास्त वाटला. पॉवर जितकी कमी तितकी चमक छोटी, पूर्ण पॉवरला साधारण १/३०० सेकंद धरा आणि अगदी कमी पॉवरला १/१०००० च्याही पुढे. गोकर्णाचा वेल आमच्या कठड्यावर आहे, चौथा मजला, वारा थांबतच नाही, तिथे १/६४ वर काढलेली फुलं ब्लेडनी कापल्यासारखी शार्प आली. हे चालतं ते मात्र आजूबाजूला उजेड कमी असेल तरच. उन्हात नाही. उन्हात देठाशेजारी काडी रोवून कपड्यांचा चिमटा लावा, पाच पैसे खर्च नाही.

आणि आता फ्लॅशच्या विरुद्ध बोलते, कारण नाहीतर तुम्ही म्हणाल हिला कमिशन मिळतंय.

जुलै-ऑगस्टमध्ये, ढग भरून आलेले, पाऊस नुकताच थांबलेला, तेव्हा फ्लॅश बाहेर काढणं हा निव्वळ आगाऊपणा आहे. ढग म्हणजे अख्ख्या आकाशाएवढा बटर पेपर. त्या दिवसातले माझे सोनटक्क्याचे फोटो बघा आणि फ्लॅशवाले बघा, मीच लाजले. पांढऱ्या फुलांचं तर फ्लॅशशी जमतच नाही, मोगरा, तगर, अनंत, मागे गडद हिरवी पानं असली की टीटीएल त्या पानांना बघून उजेड ओततो आणि फूल म्हणजे कागदाचा कपटा होतो. मायनस एक-दीडवर आणून जमवता येतं, पण ढगाळ उजेडात न जमवता येतं ना. शिवाय पानांवर, चाफ्याच्या जाडसर पाकळीवर फ्लॅशचा पांढरा ठिपका उठतो, तो नंतर एडिटमध्येही जात नाही. पावसाची भुरभुर चालू असताना मारला तर लेन्सजवळचे थेंब पांढरे पांढरे गोळे होऊन येतात, मला वाटलं सेन्सरवर बुरशी आली.

उन्हात काय करायचं, तर साडेआठच्या आधी काढा, नाहीतर कोणाला तरी छत्री धरायला लावा. मी लेकाला लावते, दर फुलामागे दहा रुपये, महागात पडतो. फुलावर पूर्ण सावली आली की दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरायचा, टीव्हीच्या खोक्यातला, त्यानी सावलीतला अंधार अलगद उजळतो. ॲल्युमिनियम फॉइल पुठ्ठ्याला चिकटवूनही करून बघितलं, ते जरा जास्तच चरचरीत पडतं, चुरगाळून परत सरळ करून लावलं तर बरं. फ्लॅश आणि थर्माकोल ह्यात मोठा फरक हा की थर्माकोलचा उजेड काढायच्या आधी डोळ्यांना दिसतो, सरकवा, बघा, परत सरकवा. फ्लॅशचा दिसतो तो फोटो काढल्यावर. नवशिक्याला थर्माकोल जास्त शिकवतो असं माझं मत झालंय.

रंगाचं एक. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विन, म्हणजे दुपारसारखा पांढरा. पण सकाळचं कोवळं ऊन पिवळं, त्यात हा मारला की फूल गार आणि मागचं सगळं उबदार, फोटो दोन वेगळ्या दिवशी काढून चिकटवल्यासारखा दिसतो. भेटवस्तूवर गुंडाळतात तो फिकट केशरी जिलेटीन पेपर एक पदर तोंडावर लावला की मिटतं. प्रोफेशनल जेल मिळतात, पण तुळशीबागेत जिलेटीन पेपर मिळत असताना कोण घेतंय.

ब्रह्मकमळ राहिलंच, आणि त्याच्यासाठीच निम्मे लोक फ्लॅशबद्दल विचारतात. आपल्याकडे कुंडीत असतं ते खरं हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे, निवडुंगाच्या जातीतलं आहे, पण आपण त्याला तेच म्हणतो आणि फुललं की सोसायटीला बोलावतो. ऑगस्टमध्ये आमच्याकडे एका रात्री चार उमलली. आठनंतर कळी हलायला लागते, अकरापर्यंत पूर्ण, सकाळी मान टाकलेली, म्हणजे नैसर्गिक उजेडाचा प्रश्नच नाही, फ्लॅश नाहीतर काहीच नाही. आईंनी हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली, खालच्या मजल्यावरच्या काकू फोन उंच करून फ्लॅश मारतायत आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये एकच, पांढरी थाळी. मी पण पहिले वीस तसेच काढले. मग गच्चीतला पिवळा बल्ब आधी बंद केला (तो आणि फ्लॅश एकत्र आले की पाकळ्या एका बाजूनी पिवळ्या, दुसरीकडून निळ्या), फ्लॅश फुलाच्या मागे नेला, जरा खाली, १/६४ वर, आणि पुढून बटर पेपरमागे नवऱ्याच्या मोबाईलचा टॉर्च. पाकळ्यांतून उजेड आरपार आला, आतले तंतू एकेक मोजता येतील असे, आणि काकू म्हणाल्या "हा आपल्याच फुलाचा आहे का?" फोकससाठीही टॉर्च लागतोच, अंधारात ऑटोफोकस नुसता पुढेमागे घरघरत बसतो. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी पण हेच करा, आपल्या फोनचा फ्लॅश बंद, दुसऱ्याच्या फोनचा टॉर्च बाजूनी किंवा मागून. आईंनी विचारलं होतं एवढे फ्लॅश मारून फूल लवकर कोमेजेल का. तसं काही नाही, डोळ्याची पापणी लवते त्याच्याही आत संपणारी चमक ती.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला फ्लॅश घेऊन गेले होते, पिशवीतून काढलासुद्धा नाही. गर्दी इतकी की बटर पेपरची चौकट कोणाच्या तरी डोळ्यात गेली असती, आणि फुलं नीट मांडलेली, वारा नाही, आयएसओ ८०० ला आरामात निघतात. मांडवात कापडाचा रंग फुलांवर उतरतो तेवढा व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असतं ते रंगाचं सेटिंग) हातानी सेट करा.

सेलबद्दल शेवटी. चार पेन्सिल सेल लागतात. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते घालू नका, फ्लॅश परत तयार होईपर्यंत दोन फोटोंमध्ये पोळी भाजून होते. रिचार्जेबल निकेलवाले २००० एमएएचचे घेतले, कमी पॉवरवर दोन-तीन सकाळी सहज जातात. पावसाळ्यात काम झालं की सेल काढून ठेवायचे आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, माझ्या फ्लॅशच्या एका स्प्रिंगवर हिरवट थर आलाच होता, लिंबू नाही, साधा कापूस आणि थोडं स्पिरिट लावून गेला.

तर स्टार द्यायचे तर फ्लॅशला तीन, केबलला साडेचार, बटर पेपरला पाच, डोमला धने उगवले म्हणून एक. तुम्ही दिवसा, ढगाळ हवेत, निवांत काढणारे असाल तर घेऊ नका, थर्माकोल आणि छत्रीवर एक वर्ष काढा. पहाटे, तिन्हीसांजेला गुलबक्षी उमलते तेव्हा, रात्री, किंवा वारं लागणाऱ्या गच्चीवर काढत असाल तर घ्या, पण केबलचे पैसे धरूनच बजेट करा. दुकानात जाताना कॅमेरा सोबत न्या आणि आपल्याच कॅमेऱ्यावर लावून, १/२०० च्या वर शटर नेऊन दाखव म्हणा. काही स्वस्त कॅमेऱ्यांच्या हॉट शूला (डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच) मधली पिनच नसते, त्यावर साधे मॅन्युअल फ्लॅश पेटतच नाहीत, तेही तिथल्या तिथे कळेल.

उद्यापासून आई आठ दिवस नणंदेकडे जातायत. जास्वंदीला सहा कळ्या आहेत, आणि पहिल्यांदाच मला नऊ वाजेपर्यंत वेळ आहे, त्यामुळे फ्लॅशचे सेल काढून ठेवलेत.